उत्तरेची भिंत पाडू का?

प्रश्न : 'सर, सलाम. मी ३१ वर्षांचा, मूळचा जालन्याकडचा. तीन वर्षांपूर्वी आमच्या मिशननं मला कराडच्या खाली, कृष्णाकाठच्या एका गावात मिशनरी पाळक म्हणून पाठवलं. मंडळीत ४५ कुटुंबं. चर्च मिशनच्या काळातलं, काळ्या दगडाचं, वर मंगलोरी कौलं. आत दाटीवाटीनं नव्वद माणसं बसतात. नाताळला निम्मी बाहेर मांडवात. माझी पत्नी रविवारची शाळा पाळकघराच्या ओट्यावर घेते. ३८ मुलं आहेत. पाऊस आला की शाळा सुटते. म्हणून उत्तरेची लांब भिंत काढायची, तिथं तुळई टाकायची आणि २० बाय ४० फुटांचा स्लॅबचा हॉल जुन्या चर्चला जोडायचा, असा प्लॅन कॉन्ट्रॅक्टरकडून करून घेतला. अंदाज १६ लाख. परदेशातल्या एका चर्चचे पाळक माझे मित्र आहेत. निम्मे पैसे ते माझ्या खात्यावर पाठवतो म्हणतात. शिवाय जानेवारीत त्यांचे बारा तरुण दोन आठवडे येऊन बांधकामाला हात लावतील. उरलेल्यासाठी ट्रस्टच्या नावे पतसंस्थेचं कर्ज काढू. पंच कमिटीत सगळे तयार आहेत. फक्त आमचे सर्वांत ज्येष्ठ पंच, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, वय ७२, अडून बसलेत. म्हणतात, "भिंतीला हात लावलात तर मी या देवळाची पायरी चढणार नाही." आबांना कसं समजावू?'

पाळकसाहेब, सलाम.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. एकदा मंडळीतला जुना पंच म्हणून, आणि एकदा बांधकाम खात्यात ३३ वर्षं काढलेला शाखा अभियंता म्हणून. माझ्यातल्या या दोघांचं सहसा पटत नाही. या वेळी पटलं. आबांना समजावू नका. भिंतीच्या बाबतीत आबांचं बरोबर आहे.

त्यांनी कारण नीट सांगितलं नसेल. या वयाची माणसं कारण सांगत नाहीत, पायरी चढणार नाही म्हणतात. पण मी पैजेवर सांगतो, त्यांना विचारलंत तर ते तुम्हाला हाताला धरून एखाद्या कोपऱ्यापाशी नेतील आणि एक चीर दाखवतील. कोयनेचा भूकंप झाला ११ डिसेंबर १९६७ ला, पहाटे चार वाजून गेल्यावर. आबा तेव्हा शाळकरी पोर असणार. तुमच्या भागातल्या दगडी इमारतींपैकी कितीतरी त्या पहाटे हलल्या. काही पडल्या, काहींना कोपऱ्यात चिरा गेल्या, आणि त्या चिरा आजही चुन्याच्या हातांखाली असतात. आबांनी ती भिंत वाजताना ऐकली असेल. तुम्हाला ती जागा अडवणारी भिंत वाटते. त्यांच्या लेखी ती त्या पहाटे न पडता टिकून राहिलेली आहे.

आता भिंत आतून कशी असते ते सांगतो. कॉन्ट्रॅक्टरनं सांगितलेलं नसणार, कारण त्याला बहुतेक विटांचीच सवय असते. मिशनच्या काळातली दगडी भिंत दोन फूट जाड दिसते, पण ती एकसंध नसते. बाहेरच्या अंगाला घडीव दगड, आतल्या अंगाला ओबडधोबड, आणि मध्ये चुना, माती आणि चिपांची भर. दोन्ही अंगांना बांधून ठेवणारे आरपार दगड गवंड्यानं जितके घातले तितकेच. काही ठिकाणी ते अगदी कमी असतात. अशा भिंतीत तुळईसाठी खाच पाडली की मधली भर धान्याच्या पोत्याला भोक पडावं तशी ओघळायला लागते. वरून छप्पर तोलणाऱ्या लाकडी कैच्यांचा भार आहे. कौलं पावसात भिजली की तो आणखी वाढतो. चार भिंती मिळून ती एक पेटी आहे. तिची एक लांब बाजू काढून टाकली तर राहिलेल्या तिन्ही बाजू पुढच्या धक्क्याला कशा वागतील, हे मी तुम्हाला छातीठोक सांगू शकत नाही. तुमचा कॉन्ट्रॅक्टर सांगत असेल तर लेखी मागा. देणार नाही.

दुसरा मुद्दा मी स्वतः हात पोळून शिकलो आहे.

१९९१ साली आमच्या मंडळीत मी खजिनदार होतो आणि वर इंजिनिअर. म्हणजे मला विचारायची कुणाची हिंमत नव्हती. जुन्या दगडी चर्चच्या पश्चिमेला मी स्लॅबची खोली जोडली, अगदी भिंतीला भिंत लावून. उद्घाटनाला फोटो छान आले. पहिल्या उन्हाळ्यात जोडावर केसासारखी रेघ दिसली. दुसऱ्या उन्हाळ्यात तिच्यात करंगळी जायला लागली. जुनी इमारत नव्वद वर्षांत जमिनीत काय बसायची ती बसून मोकळी झालेली असते. नवी तेव्हा कुठं बसायला लागते. दोघींना एका बाकावर बांधून ठेवलं तर बाक मोडणारच. मग दर मेमध्ये डांबर, दर जूनमध्ये ताडपत्री. कुणीतरी आणलेलं पिवळं रसायन झालं, कुणीतरी सांगितलेला गूळ-चुना झाला. पाणी जोडातून उतरायचं ते नेमकं बाजाची पेटी ठेवलेल्या कोपऱ्यात. पेटी हलवली, तिथं बादली आली. भजनाच्या मध्ये टप्, टप्. पोरं त्या ठेक्यावर टाळ्या धरायची आणि बायका पदराआड हसायच्या. पुढं पंचांनी ती खोली उतरवली. उतरवायचा खर्च बांधायच्या खर्चाच्या जवळपास गेला. त्या सभेत मला कुणी एक शब्द बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

तुमच्याकडं तर खाली काळी माती असणार. कृष्णाकाठची काळवट पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. मेमध्ये शेतात ज्या भेगांत पाय अडकतो, त्याच भेगा इमारतीच्या पायाखालीही पडत असतात. म्हणून नकाशा नंतर, आधी खड्डे. चर्चपासून दहा-बारा फुटांवर दोन चाचणी खड्डे खणा, माणसं लावून, जेसीबी नको. मुरूम किती फुटांवर लागतो ते लिहून ठेवा. पाया मुरमावरच बसला पाहिजे. मुरूम फार खोल असेल तर खाली बुंधा फुगवलेले छोटे पाइल घालतात. ते काम जाणत्या माणसाचं आहे, तिथं पैसे वाचवू नका. आणि जुन्या भिंतीलगत जुन्या पायापेक्षा खोल चर कधीच खणू नका. दोन फूट खोल खणलंत तरी जुना पाया उघड्यावर पडू शकतो.

मग मुलांनी कुठं बसायचं? बसायलाच हवं. ३८ मुलं ही फार मोठी गोष्ट आहे. आमच्या मंडळीत आता रविवारच्या शाळेला अकरा येतात आणि त्यातली चार माझ्याच नात्यातली. तुमच्या पत्नीला माझा सलाम सांगा.

माझ्या डोळ्यांसमोर आहे ते असं. उत्तरेची भिंत आहे तिथंच राहू द्या. तिच्यात आधीपासून जे दार असेल, किंवा मोठी खिडकी असेल, तेवढंच वापरा. भिंतीपासून आठेक फूट सोडून नवी खोली स्वतःच्या पायावर, स्वतःच्या खांबांवर उभी करा. मधल्या आठ फुटांवर हलकी पडवी. तिचेही खांब वेगळे, जुन्या भिंतीत एकसुद्धा खुंटी मारायची नाही. पडवीचं छप्पर जुन्या वळचणीच्या खाली घ्या आणि पाण्याचा उतार चर्चपासून लांब पडेल असा ठेवा. जुन्या आणि नव्या छपरामध्ये पन्हळ करायचा मोह होईल. करू नका. पन्हळीत पानं अडकतात, पानं काढायला वर कोण चढणार हे ठरलेलं नसतं, आणि मग बादली येते.

खोली २० बाय ३० पुरे. स्लॅब नको. तीन बाजूंना कमरेएवढी भिंत, वर मोकळं, नाताळला तिथूनच माणसं आत पाहतील. छपराला पत्रा घेतलात तर खाली बांबूच्या चटया लावा. नाहीतर पावसात बाईंचा आवाज पहिल्या ओळीच्या पुढं जायचा नाही. कौलं परवडली तर कौलंच घ्या. स्लॅबपेक्षा हलकं छप्पर भूकंपाच्या पट्ट्यात बरं, आणि खर्चही निम्म्याच्या खाली यावा असा माझा अंदाज आहे. आणि हो, कॉन्ट्रॅक्टर 'हाताखालीच आहे तर' म्हणून जुन्या चर्चला आतून सिमेंटचा गिलावा करून देईल. फुकट दिला तरी घेऊ नका. चुन्याची भिंत श्वास घेते, सिमेंट तिचं तोंड बांधतं. ओल आत कोंडते आणि सांध्यांतला चुना भुसभुशीत होऊन गळायला लागतो.

जोत्याची उंची आबांनाच विचारा. २०१९ च्या ऑगस्टात इथं सांगलीत आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, धोक्याची पातळी ४५ फूट असताना. तुमच्या गावात ते कुठवर आलं याची खूण कुणाच्या तरी भिंतीवर असेलच. पाटबंधारे खात्याच्या नकाशावर तुमची जागा कुठं येते तेही पाहा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नवं बांधकाम होत नाही. तसं निघालं तर माझं वरचं सगळं बाजूला ठेवा आणि पाळकघराच्या ओट्यावर चांगलं छप्पर घालता येईल का ते पाहा.

आता पैसे. इथं मी जरा कडक बोलणार आहे, रागावू नका.

मित्राचे पैसे तुमच्या खात्यावर घेऊ नका. एक रुपयासुद्धा. धार्मिक कामासाठी परदेशातून पैसे घ्यायचे तर २०१० च्या परकीय अंशदान कायद्याखाली संस्थेची नोंदणी किंवा केंद्राची पूर्वपरवानगी लागते. आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ते पैसे आधी उतरतात ते दिल्लीत, स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या त्यासाठीच उघडलेल्या खात्यात. तुम्हाला कुणीतरी सांगेल की पुण्या-मुंबईतल्या नोंदणी असलेल्या ओळखीच्या ट्रस्टमार्फत घ्या. तीही वाट त्याच दुरुस्तीनं बंद झाली. एका संस्थेनं घेतलेले परदेशी पैसे दुसऱ्या संस्थेला देता येत नाहीत. तुमची नियत साफ आहे हे मला कळतं. पण चौकशीचं पत्र आलं तर ते नुसतं तुमच्या नावानं येणार नाही, ४५ घरांच्या दारात येईल.

बारा तरुणांचंही तेच. पर्यटक व्हिसावर येणारा माणूस उपासनेला बसू शकतो, तुमच्याकडं भाकरी-पिठलं खाऊ शकतो. प्रचाराचं काम त्याला करता येत नाही, त्यासाठी मिशनरी व्हिसा वेगळा असतो. बांधकामाचं म्हणाल तर तुमच्या प्लॅनमधला हॉल २० फूट रुंद, म्हणजे सहा मीटरच्या थोडा पुढं. एवढ्या तुळईखालचे टेकू २१ दिवस काढायचे नसतात. म्हणजे दोन आठवड्यांसाठी आलेल्या पोरांनी पहिल्याच दिवशी काँक्रीट ओतलं असतं, तरी विमानात बसताना त्यांना टेकूच दिसले असते. त्यांना पाहुणे म्हणून बोलवा, मोठ्या आनंदानं. घमेली आपली आपण उचलू.

पतसंस्थेच्या कर्जाबद्दल एवढंच : चर्च सार्वजनिक ट्रस्ट म्हणून नोंदलेलं असेल तर विश्वस्तांना धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय ट्रस्टसाठी कर्ज काढता येत नाही. नोंदलेलं आहे ना? आणि जागा कुणाच्या नावावर आहे? सातबारा किंवा मिळकत पत्रिका आजच काढा. आपल्याकडं कितीतरी ठिकाणी अजून जुन्या मिशनचंच नाव आहे. साहेब गेले, नाव राहिलं. नाव लागलेलं नसताना बांधलेली खोली उद्या कुणाची, यावर कोर्टात पिढ्या जातात. भूमी अभिलेखची मोजणी करून घ्या, हद्दीवर दगड रोवून घ्या. बांधकामाची परवानगी रीतसर काढा आणि धार्मिक वास्तू म्हणून आणखी काय काय लागतं ते जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी विचारा. तोंडी 'करा हो, कोण विचारतंय' म्हणणारा माणूस पुढं भेटत नाही. अर्ज देण्याआधी सरपंचांकडं चहाला जा. सोबत आबांना न्या.

मग पैसे आणायचे कुठून? तुमच्या पत्रात ४५ कुटुंबांचा आकडा आहे, पण ती काय देतील याचा एक शब्द नाही. मला सगळ्यांत जास्त ते खटकलं. आठ लाख धरले तर घरटी १८ हजारांच्या आत बसतात, दोन हंगामांत वाटले तर वर्षाला नऊ. अर्थात घरं सारखी नसतात. ज्याचा ऊस कारखान्याला जातो, त्याच्याकडं पहिला हप्ता जमा झाल्यावर जा. त्याच्या आधी आठ दिवस गेलात तर तो वायदा करेल, नंतर आठ दिवसांनी गेलात तर पैसे सोसायटीनं कापून घेतलेले असतील. उपकारस्तुतीच्या सणाला, देवाचे आभार मानून वाहिलेल्या वस्तूंचा लिलाव करता ना? आमच्याकडं एक भोपळा तीन माणसांनी विकत घेऊन तीनदा परत वेदीपाशी ठेवला होता. शेवटी तो नेला मुंबईहून सुट्टीला आलेल्या कंडक्टरनं, आणि एसटीत मांडीवर घेऊन गेला. शेतमजुरीवर जगणाऱ्या घरांकडून पैसे मागू नका, पण त्यांना वगळूही नका. इर्जिक घाला. पाया खणायला, मुरूम भरायला, पाणी मारायला घरटी एक माणूस, आणि दुपारी सगळ्यांना आमटी-भात. पावती पुस्तक दोन प्रतींचं ठेवा, त्यावर सही खजिनदाराची. तुमची नाही.

कारण तुमची बदली होणार आहे. दोन वर्षांनी होईल, चार वर्षांनी होईल. मी पाळकबंगल्यात वाढलेला मुलगा आहे; माझ्या वडिलांच्या पाच बदल्या झाल्या. प्रत्येक गावात त्यांनी काहीतरी बांधलं. काही गावांत ते अजून वापरात आहे. एका गावात बोस्टनहून आलेल्या पैशांतून झालेलं वसतिगृह होतं. पैसे थांबले, कौलं सरकली, तुळया वाळवीनं खाल्ल्या. आई म्हणायची, छप्पर शाकारायला शिडी कुठं ठेवलीय हे गावातल्या कुणालाच माहीत नव्हतं. ती साहेबांच्या गड्याला माहीत होती.

तुमच्याच जिल्ह्यातली गोष्ट आहे. नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात येऊन 'देवाचा दरबार' मांडला. मिशनच्या पगाराबाहेर, इथल्या माणसांचा, इथल्या रीतीचा. दोन वर्षांत ते वारले. त्यांचं सगळंच साधलं असं मी म्हणणार नाही. पण साताऱ्याकडच्या मंडळीला 'आपलं आपण' ही गोष्ट नवी नाही, एवढं तुम्ही पुढच्या सभेत खुशाल सांगा. तीन बाजूंनी मोकळ्या खोलीत कीर्तनही छान होतं, हा वरचा फायदा.

तेव्हा या जानेवारीत बांधकाम नाही. मित्राला कळवा की पैसे नकोत, तुम्ही या. हे पत्र लिहिताना तुमचा हात थरथरेल, मला माहीत आहे. कमिटीत ठराव लिहून घ्या की उत्तरेची भिंत पाडायची नाही. आबांच्या समोर लिहा, आणि तो मांडू द्या त्यांनाच. यंदाचं वर्ष कागदांचं, खड्ड्यांचं आणि वर्गणीचं. पाया पुढच्या दिवाळीनंतर, म्हणजे पावसाच्या आत छप्पर चढेल.

आणि एक काम लगेच करा, तीस-चाळीस रुपयांचं. काचवाल्याकडून बोटभर रुंद, वीतभर लांब अशा साध्या काचेच्या चार पट्ट्या कापून आणा. आबांना म्हणा, ती चीर दाखवा. चिरेवरची धूळ ओल्या फडक्यानं पुसा, पट्टी आडवी ठेवा आणि दोन्ही टोकांना सिमेंटचा एकेक गोळा दाबा. मधली काच मोकळी राहिली पाहिजे. शेजारी भिंतीवर तारीख लिहायची, ती आबांच्या अक्षरात. चीर जागच्या जागी असेल तर काच तशीच राहील. हलत असेल तर तडकेल. आता पाऊस संपलाय, माती वाळत जाईल आणि मेमध्ये भेगा सगळ्यांत रुंद होतील. दर पहिल्या रविवारी उपासना झाली की आबांसोबत जाऊन पट्ट्या पाहा आणि वहीत लिहा. मेअखेरीस ती वही घेऊन सांगलीला या, दोघंही. एसटी स्टँडवरून फोन करा, मी घ्यायला येतो.